ओहमचा रोध ते वॅटची शक्ती : विद्युत् परिपथातील दोन सूत्रांचा ऐतिहासिक अभ्यास (१८२६ ते १८८९)

प्रास्ताविक

महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत विद्यार्थी व्होल्टमापी आणि अँपिअरमापी यांवरील दोन वाचने घेतो. पहिल्या वाचनास दुसऱ्याने भागून तो रोध काढतो आणि त्याच दोन वाचनांचा गुणाकार करून शक्ती काढतो. विभवांतर १२ व्होल्ट आणि विद्युतधारा २ अँपिअर असल्यास रोध ६ ओहम व शक्ती २४ वॅट येते. एक भागाकार आणि एक गुणाकार एवढ्यात काम संपते. पाठ्यपुस्तकात ही दोन्ही सूत्रे बहुधा एकाच पानावर, लागोपाठच्या ओळींत दिलेली असतात आणि म्हणून ती एकाच वेळी, एकाच विचारातून निर्माण झाली असावीत असा समज सहज होतो.

इतिहास निराळी साक्ष देतो. रोधाचा संबंध १८२६ मध्ये प्रयोगाने सिद्ध झाला, तर शक्तीच्या ‘वॅट’ या एककास आंतरराष्ट्रीय मान्यता १८८९ मध्ये मिळाली. या दोहोंमध्ये त्रेसष्ट वर्षांचे अंतर आहे. आज आपण आधी एकके, मग राशी आणि शेवटी त्यांतील संबंध शिकवितो. प्रत्यक्षात आधी संबंध सापडला, नंतर राशींचे अर्थ स्पष्ट झाले आणि सर्वांत शेवटी एकके ठरली. हा उलटा क्रम कसा घडला, त्यामागे कोणत्या व्यावहारिक गरजा होत्या आणि त्याच्या विस्मरणामुळे अध्यापनात कोणती उणीव राहते, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे. विवेचन मुख्यतः दिष्ट धारेपुरते मर्यादित आहे.

१. ओहमपूर्व परिस्थिती

व्होल्टाने १८०० मध्ये आपली घटमाला जाहीर केल्यानंतर सतत वाहणारी विद्युत् प्रथमच उपलब्ध झाली. तथापि ती मोजण्याचे साधन नव्हते. १८२० मध्ये अर्स्टेड यांनी धारावाही तारेजवळ चुंबकसूची विचलित होते हे दाखविले आणि धारेच्या मोजमापाचा मार्ग मोकळा झाला. त्याच वर्षी अँपिअर यांनी विद्युत् ‘ताण’ आणि विद्युत् ‘धारा’ या दोन निराळ्या कल्पना आहेत असे मांडले. या दोन कल्पनांचे परस्परांशी नाते काय, हा प्रश्न मात्र अनुत्तरित होता.

त्याचे उत्तर एका संशोधकाच्या कागदपत्रांत पडून होते, असे पुढे उघडकीस आले. इंग्लंडमधील हेन्री कॅव्हेंडिश यांनी १७८१ च्या सुमारास क्षारयुक्त पाण्याने भरलेल्या नळ्यांतून लेडन कुपीतील विद्युत् सोडून, स्वतःच्या शरीरास बसणाऱ्या धक्क्याच्या तीव्रतेवरून त्या नळ्यांच्या रोधाची तुलना केली होती. धारामापी नसल्यामुळे निरीक्षकाचे शरीर हेच मोजमापाचे साधन होते. त्यांनी काढलेला निष्कर्ष ओहमच्या नियमाशी जुळणारा होता, परंतु तो प्रसिद्ध झाला नाही. मॅक्सवेल यांनी ही हस्तलिखिते संपादित करून १८७९ मध्ये प्रकाशित केली तेव्हा ओहमच्या शोधाला अर्धशतक लोटले होते. जे ज्ञान प्रसिद्ध होत नाही त्यावर पुढचे काम उभे राहू शकत नाही, याचे हे बोलके उदाहरण होय.

रोधाची कल्पना अस्पष्ट असण्याचे परिणाम केवळ तात्त्विक नव्हते. १८२५ मध्ये इंग्लंडमधील पीटर बार्लो यांनी तारेची लांबी वाढविल्यास चुंबकसूचीवरील परिणाम झपाट्याने क्षीण होतो असे पाहिले आणि विजेच्या साहाय्याने दूरवर संदेश पाठविणे अव्यवहार्य आहे असा निर्वाळा दिला. निरीक्षण खरे होते, निष्कर्ष मात्र चुकीचा ठरला. घटमालेतील घटांची संख्या, तारेची जाडी आणि धारामापीच्या वेटोळ्याचा रोध यांचा मेळ घातला तर लांब तारेतूनही पुरेशी धारा वाहते, हे समजण्यासाठी लागणारे गणित तेव्हा अस्तित्वात नव्हते.

२. ओहम यांचा प्रयोग

गेओर्ग सिमोन ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगेन येथे झाला. वडील व्यवसायाने कुलूपकार असूनही त्यांनी स्वाध्यायाने गणित आत्मसात केले होते आणि मुलांनाही शिकविले. १८१७ पासून ओहम कलोन येथील माध्यमिक विद्यालयात गणित व भौतिकशास्त्र शिकवीत होते. शाळेच्या प्रयोगशाळेत, अध्यापनाचे काम सांभाळून, स्वतः घडविलेल्या उपकरणांनी त्यांनी हे संशोधन केले.

१८२५ मधील त्यांच्या पहिल्या निबंधातील सूत्र बरोबर नव्हते. त्यांनी वापरलेल्या रासायनिक घटांचा जोर परिपथ जोडताच घटू लागे. त्यामुळे तारेच्या लांबीचा परिणाम कोणता आणि घटाच्या दुर्बलतेचा कोणता, हे वेगळे काढता येईना. याच निरीक्षणांतून त्यांनी लॉगरिथमवर आधारलेले सूत्र मांडले होते. संपादक पोगेनडॉर्फ यांच्या सूचनेनुसार त्यांनी रासायनिक घट सोडून तपयुग्माचा स्वीकार केला. दोन भिन्न धातूंच्या सांध्यांचे तापमान निराळे ठेवल्यास विद्युत् निर्माण होते, हा सीबेक यांचा शोध तेव्हा नुकताच लागला होता. ओहम यांनी बिस्मथ व तांबे यांच्या तपयुग्माचा एक सांधा उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवला. या दोन्ही तापमानांत बदल होत नसल्यामुळे उद्गमाचा जोरही स्थिर राहिला.

धारा मोजण्यासाठी त्यांनी तारेवर टांगलेली चुंबकसूची वापरली. सूची मूळ स्थितीत आणण्यासाठी टांगणीला किती पीळ द्यावा लागतो, ते धारेचे माप. एकाच जाडीच्या आठ तांब्याच्या तारा त्यांनी घेतल्या. त्यांची लांबी २ इंचांपासून १३० इंचांपर्यंत होती. जानेवारी १८२६ मधील एका मालिकेत २ इंची तारेस ३२६¾, ३४ इंची तारेस १३४½ आणि १३० इंची तारेस ४८½ अशी वाचने आली. या आकड्यांस त्यांनी एक साधे सूत्र जुळविले : वाचन म्हणजे एका स्थिरांकास, तारेची लांबी अधिक दुसरा स्थिरांक, या बेरजेने भागून येणारी संख्या. पहिला स्थिरांक ७२८५ आणि दुसरा २०¼ घेतला तर ३४ इंची तारेसाठी ७२८५ ÷ ५४.२५ = १३४.३ असे उत्तर मिळते. १३० इंची तारेसाठी ७२८५ ÷ १५०.२५ = ४८.५ येते. निरीक्षणाशी हा मेळ दोनशे वर्षांनंतरही समाधान देणारा आहे.

या दोन स्थिरांकांचा अर्थ लावणे हे ओहम यांचे खरे कर्तृत्व होय. सांध्यांच्या तापमानांतील फरक कमी केला तेव्हा पहिला स्थिरांक घटला, दुसरा तसाच राहिला. म्हणजे पहिला स्थिरांक उद्गमाच्या जोराचा निदर्शक आणि दुसरा परिपथाच्या उर्वरित भागाच्या रोधाचा. उपकरणाचा उरलेला भाग त्या विशिष्ट तारेच्या २०¼ इंचांइतका रोध करीत होता. आज ज्यास आपण अंतर्गत रोध म्हणतो त्याचा समावेश पहिल्याच बरोबर सूत्रात झालेला होता. येथे व्होल्ट नाही, अँपिअर नाही, ओहम हे एककही नाही. पिळाचे अंश आणि तारेचे इंच एवढ्याच सामग्रीवर नियम उभा राहिला.

३. उपेक्षा आणि स्वीकृती

१८२६ मध्ये ओहम यांना अर्ध्या वेतनावर रजा मिळाली आणि ते बर्लिनला गेले. तेथे १८२७ मध्ये विद्युत् परिपथाचे गणिती विवेचन करणारा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. फूरिये यांनी १८२२ मध्ये मांडलेल्या उष्णतावहनाच्या सिद्धांताचा आदर्श त्यांच्यासमोर होता. तापमानांतील फरकामुळे उष्णता वाहते, तद्वत ‘विद्युत्दर्शक बला’तील फरकामुळे विद्युत् वाहते, अशी त्यांची मांडणी होती. ग्रंथात प्रयोगापेक्षा गणितास प्राधान्य होते. तत्कालीन जर्मन विद्वत्वर्तुळातील एका प्रवाहास असे गणिती विवेचन निसर्गाच्या आकलनाशी विसंगत वाटे. बर्लिनमधील पोल यांनी ग्रंथावर प्रतिकूल परीक्षण लिहिले. विद्यापीठातील नियुक्तीची आशा फोल ठरल्यावर ओहम यांनी कलोनच्या पदाचा राजीनामा दिला आणि त्यांची पुढील काही वर्षे ओढाताणीत गेली. १८३३ मध्ये त्यांना न्यूरेंबर्ग येथील तंत्रशाळेत अध्यापकपद मिळाले.

उपेक्षा सार्वत्रिक मात्र नव्हती. लाइपझिगचे फेक्नर यांनी १८३१ मध्ये विस्तृत प्रयोगांनी नियमास पुष्टी दिली आणि रशियात लेंझ यांनी तो आपल्या मोजमापांत वापरला. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ मध्ये ओहम यांना कॉप्ली पदक दिले. १८४३ मध्ये व्हीटस्टन यांनी परिपथातील रोध मोजण्याच्या पद्धतींवर व्याख्यान देऊन हा नियम इंग्रज अभियंत्यांपर्यंत पोहोचविला. त्यात वर्णिलेली, आज ‘व्हीटस्टन सेतू’ म्हणून ओळखली जाणारी रचना मुळात क्रिस्टी यांनी १८३३ मध्ये मांडलेली होती आणि ते श्रेय व्हीटस्टन यांनीच नमूद केले आहे. किरखोफ यांनी १८४५ मध्ये शाखायुक्त परिपथांचे नियम दिले. १८४९ मध्ये त्यांनी ओहम यांचे ‘विद्युत्दर्शक बल’ म्हणजे स्थितिक विद्युतशास्त्रातील विभवच होय, असे दाखवून नियमाच्या सैद्धांतिक पायातील त्रुटी दूर केली. ओहम यांना विद्यापीठातील प्राध्यापकपद म्यूनिक येथे १८५२ मध्ये मिळाले. ६ जुलै १८५४ रोजी त्यांचे निधन झाले.

४. ज्यूल : जस्त महाग की कोळसा?

रोधाचे सूत्र मिळाले तरी शक्तीचे गणित अद्याप दूर होते. त्याची सुरुवात मँचेस्टरजवळील सॅल्फर्ड येथील एका मद्यनिर्मात्याच्या घरात झाली. जेम्स प्रेस्कॉट ज्यूल (जन्म २४ डिसेंबर १८१८) यांना एका व्यावसायिक प्रश्नाने पछाडले होते : वाफेच्या यंत्राऐवजी विद्युत् चलित्र वापरल्यास खर्च कमी होईल काय?

उत्तर शोधताना तारेत उष्णतेच्या रूपाने काय वाया जाते हे मोजणे त्यांना आवश्यक वाटले. तारेची वेटोळी पाण्यात ठेवून, धारा मोजून आणि तापमापीने पाण्याची उष्णता पाहून त्यांनी १८४० मध्ये निष्कर्ष काढला की, ठरावीक काळात निर्माण होणारी उष्णता रोधाच्या आणि धारेच्या वर्गाच्या प्रमाणात असते. धारा दुप्पट केल्यास उष्णता चौपट होते. विस्तृत निबंध १८४१ मध्ये प्रसिद्ध झाला. लेंझ यांनीही स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाप्रत येऊन १८४०-५० या दशकाच्या प्रारंभी तो जाहीर केला.

मूळ व्यावसायिक प्रश्नाचे उत्तर प्रतिकूल आले. १८४१ मधील एका व्याख्यानात ज्यूल यांनी हिशोब मांडला की, घटमालेत एक पौंड जस्त खर्ची पडल्यास सुमारे ३ लक्ष ३१ हजार पौंड वजन एक फूट उचलले जाईल, तर कॉर्नवॉलमधील उत्तम वाफेची यंत्रे एक पौंड कोळशात सुमारे १५ लक्ष पौंड वजन तेवढेच उचलतात. शिवाय जस्त कोळशापेक्षा कितीतरी महाग होते. चलित्राची आशा मावळली, परंतु या निराशेतूनच विद्युत्, उष्णता आणि यांत्रिक कार्य यांचा एकच हिशोब मांडता येतो ही दृष्टी त्यांना लाभली.

ज्यूलच्या नियमापासून विभवांतर व धारा यांच्या गुणाकारापर्यंत जाण्यास बीजगणिताची एकच पायरी पुरते. धारेच्या वर्गास रोधाने गुणले आणि धारा गुणिले रोध याऐवजी विभवांतर लिहिले की झाले. परंतु ही पायरी सार्थ होण्यासाठी ‘विभवांतर म्हणजे एकक विद्युतभारामागे होणारे कार्य’ हा अर्थ स्थिर व्हावा लागला. तो किरखोफ यांच्या उपरोक्त निबंधाने आणि विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांच्या १८५१ मधील लेखनाने झाला.

५. समुद्रतारा आणि रोधाचे एकक

१८५८ मध्ये अटलांटिक महासागराखालून पहिली तार टाकण्यात आली. विद्युत्तज्ज्ञ व्हाइटहाउस यांनी तिच्यावर सुमारे २००० व्होल्ट इतका दाब दिला आणि काही आठवड्यांतच ती मूक झाली. तत्पूर्वी टॉमसन यांनी बाजारातील तांब्याच्या नमुन्यांची विद्युत् वाहकता परस्परांहून पुष्कळ भिन्न असते हे दाखविले होते. आता प्रत्येक मैल तारेचा रोध मोजून घेणे ही गुंतवणूकदारांच्या भांडवलाचे रक्षण करणारी बाब ठरली.

रोधाचे गणित येथे शोधकार्यातही उपयोगी पडले. समजा, एका समुद्रतारेचा रोध दर मैलास १० ओहम आहे. तार समुद्रात कोठेतरी तुटून वाहकाचे टोक पाण्यास टेकले आहे. किनाऱ्यावरून १२० व्होल्ट दिल्यावर ०.१ अँपिअर धारा वाहिली तर रोध १२०० ओहम येतो, म्हणजे दोष सुमारे १२० मैलांवर आहे. प्रत्यक्षात दोषस्थळाच्या रोधाचाही हिशोब करावा लागतो, परंतु तत्त्व हेच. दुरुस्तीच्या जहाजाला समुद्रावर दिशाहीन फिरण्यापासून या भागाकाराने वाचविले.

यासाठी सर्वांनी एकच एकक वापरणे भाग होते. व्हेर्नर सीमेन्स यांनी १८६० मध्ये एक मीटर लांब व एक चौरस मिलिमीटर छेदाच्या पाऱ्याच्या स्तंभाचा रोध हे एकक सुचविले. १८६१ मध्ये लॅटिमर क्लार्क आणि चार्ल्स ब्राइट यांनी एककांना शास्त्रज्ञांची नावे द्यावीत असा प्रस्ताव मांडला. त्यांच्या मूळ योजनेत ‘ओहमा’ हे नाव विद्युत् ताणास आणि ‘व्होल्ट’ हे नाव रोधास होते. आजच्या नेमके उलट. याच अभियंत्यांनी १८६४ मध्ये पर्शियन आखातातील समुद्रतारेचे काम केले. तत्कालीन मुंबई इलाख्यातील कराचीशी जोडलेल्या या मार्गाने १८६५ मध्ये हिंदुस्थान व युरोप यांत तारसंपर्क सुरू झाला. ब्रिटिश असोसिएशनने १८६१ मध्ये नेमलेल्या समितीने यांत्रिक राशींवर आधारलेले रोधाचे प्रमाण सिद्ध केले. ते अपेक्षेपेक्षा एक टक्क्याहून किंचित अधिक प्रमाणात कमी असल्याचे पुढे रॅले यांच्या मापनांतून दिसून आले. पॅरिस येथील १८८१ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेने ओहम, व्होल्ट, अँपिअर, कूलंब व फॅरड ही नावे स्वीकारली. या यादीत शक्तीचे एकक नव्हते.

६. दिवे, देयके आणि वॅट

तारायंत्रास अल्प शक्ती पुरते, म्हणून तेथे शक्तीचे एकक नसल्याने अडले नाही. विजेचे दिवे आल्यावर परिस्थिती पालटली. ४ सप्टेंबर १८८२ रोजी एडिसन यांचे न्यूयॉर्कमधील पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र सुरू झाले. त्यामागे एक साधे गणित होते. एका दिव्यास १०० वॅट हवेत असे मानू. दिव्याचा रोध १ ओहम असेल तर १० व्होल्ट दाबाने १० अँपिअर धारा लागेल. रोध १०० ओहम असेल तर १०० व्होल्ट दाबाने १ अँपिअर पुरेल. पुरवठ्याच्या तारेचा रोध ०.१ ओहम धरल्यास पहिल्या बाबतीत तारेत १० वॅट वाया जातात, दुसऱ्या बाबतीत केवळ ०.१ वॅट. उच्च रोधाच्या तंतूचा आग्रह हा तांब्याच्या खर्चाचा हिशोब होता आणि तो ओहम व ज्यूल यांच्या नियमांचा एकत्रित वापर होता.

ग्राहकास काय विकायचे हा पुढचा प्रश्न. एडिसन यांच्या प्रारंभीच्या मापकात जस्ताच्या पट्ट्यांच्या वजनातील फरकावरून वाहून गेलेला विद्युतभार मोजला जाई. दाब ठरावीक असल्यामुळे त्यावरून देयक आकारता येई. वस्तुतः ग्राहक ऊर्जा घेत होता आणि तिचा दर म्हणजे शक्ती. १८८२ मध्ये साउदॅम्प्टन येथे ब्रिटिश असोसिएशनचे अध्यक्षीय भाषण करताना विल्यम सीमेन्स यांनी एक व्होल्ट व एक अँपिअर यांच्या गुणाकारास ‘वॅट’ म्हणावे असे सुचविले. १८८९ च्या पॅरिस परिषदेने वॅट व ज्यूल ही दोन्ही एकके स्वीकारली. ब्रिटनमध्ये किलोवॅट-तासास ‘बोर्ड ऑफ ट्रेड युनिट’ असे नाव पडले. आपल्या वीजदेयकातील ‘युनिट’ तेवढ्याच ऊर्जेचे माप आहे.

याच गणिताचा पुढील आविष्कार महाराष्ट्रात दिसतो. खोपोली येथील टाटांच्या जलविद्युत् केंद्रातून १९१५ मध्ये मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. ही वीज प्रत्यावर्ती होती, तथापि तत्त्व बदलत नाही. तेवढीच शक्ती दहापट दाबाने पाठविल्यास धारा दशांश होते आणि तारेतील हानी शतांशावर येते. घाटाखालची वीज दूरच्या गिरणगावात नेणे परवडले ते उच्च दाबामुळे.

७. अध्यापनाच्या दृष्टीने काही विचार

या इतिहासातून अध्यापकास उपयुक्त असे दोन भेद स्पष्ट होतात. पहिला भेद व्याख्या आणि नियम यांतील. विभवांतरास धारेने भागणे कोणत्याही घटकाच्या बाबतीत शक्य आहे, उत्तर येतेच. ते उत्तर धारा बदलली तरी कायम राहणे हा ओहमचा नियम आणि तो प्रयोगानेच ठरतो. २३० व्होल्ट, १०० वॅटच्या तप्ततंतू दिव्याचा रोध पेटलेल्या अवस्थेत ५२९ ओहम येतो. तोच थंड असताना मोजल्यास त्याच्या दशांशाहूनही कमी भरतो. भागाकार दोन्ही वेळा बरोबर आहे. तंतूचे तापमान बदलले आहे.

दुसरा भेद एकूण शक्ती आणि उष्णतेतील हानी यांतील. प्रास्ताविकातील १२ व्होल्ट व २ अँपिअर ही वाचने एखाद्या फिरत्या दिष्ट धारा चलित्राची असतील आणि त्याच्या वेटोळ्यांचा रोध १ ओहम असेल, तर चलित्र २४ वॅट घेते, त्यांपैकी ४ वॅट उष्णतेत जातात आणि २० वॅटचे यांत्रिक शक्तीत रूपांतर होते. भागाकाराने आलेला ६ ओहम हा वेटोळ्यांचा रोध नव्हे. ज्यूल यांना ज्या प्रश्नाचे उत्तर हवे होते तो नेमका हाच होता. विभवांतर गुणिले धारा हे सूत्र सर्वत्र लागू पडते, धारेचा वर्ग गुणिले रोध हे उष्णतेपुरतेच. दोन्ही सूत्रे समानार्थी म्हणून शिकविली तर विद्यार्थ्याचे उत्तर दिवा व शेगडी यांपाशी बरोबर येते आणि पंख्याच्या चलित्रापाशी चुकते.

निष्कर्ष

१. रोधाची संकल्पना स्थिर उद्गम उपलब्ध झाल्यावरच प्रयोगाने सिद्ध झाली. ओहम यांच्या यशात गणिताइतकाच तपयुग्माच्या निवडीचा वाटा आहे.

२. नियमाची स्वीकृती तात्त्विक वादविवादापेक्षा मोजमापाच्या गरजेने, विशेषतः तारायंत्राच्या विस्ताराने, दृढ झाली.

३. शक्तीचे गणित चलित्राच्या खर्चाच्या प्रश्नातून उगम पावले आणि वीजविक्रीच्या निकडीमुळे त्यास स्वतंत्र एकक लाभले.

४. एककांची निश्चिती हा या प्रक्रियेचा शेवटचा टप्पा होता आणि तो पुढेही चालू राहिला. १८९३ मध्ये शिकागो येथे ओहमची व्याख्या १०६.३ सेंटिमीटर लांबीच्या पाऱ्याच्या स्तंभावरून ठरली. १९८० मध्ये क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना क्वांटम हॉल परिणामाचा शोध लागल्यावर रोधाचे प्रमाण निसर्गाच्या मूलभूत स्थिरांकांशी जोडणे शक्य झाले. २० मे २०१९ पासून या स्थिरांकांची मूल्येच निश्चित मानण्यात आली आहेत.

५. प्रयोगवहीत रोध व शक्ती यांची उत्तरे लिहिताना घटक कोणता, त्याचे तापमान काय आणि ऊर्जेचे रूपांतर कशात होते, हे विद्यार्थ्याने नोंदवावे असा आग्रह धरणे उचित ठरेल. ओहम यांनी एक सांधा उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात का ठेवला, हे ज्यास उमगले त्यास हा आग्रह वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.